एका शहराची आठवण किती जीबीची असते? यलोनाइफच्या जुन्या फोटोंवरून समजून घ्या डिजिटल आर्काइव्ह

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तारीख १६ ऑगस्ट २०२३. कॅनडाच्या उत्तरेकडचं यलोनाइफ नावाचं शहर. जंगलातली आग शहराच्या दिशेने सरकते आहे आणि प्रशासनाचा आदेश येतो की १८ तारखेच्या दुपारपर्यंत सगळ्यांनी शहर सोडायचं. लोकसंख्या साधारण २० हजार. बाहेर पडायला हायवे एकच. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी विमानं.

अशा वेळी माणूस काय उचलतो? कागदपत्रं, औषधं, दोन जोड कपडे, चार्जर आणि घरातला कुत्रा. पण समजा तुम्ही त्या शहराचे स्थानिक इतिहासकार आहात. गेली ३०-४० वर्षं तुम्ही लोकांकडून जुने फोटो, निगेटिव्ह, खाणींचे नकाशे, पत्रं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं गोळा केली आहेत. तळघरात खोकीच खोकी आहेत. गाडीत जागा आहे फक्त दोन खोक्यांना. कोणती उचलाल?

त्या वेळी शहर वाचलं. ६ सप्टेंबरपासून लोक घरी परतू लागले. पण तो प्रश्न काही गेला नाही. एखाद्या गावाची आठवण एकाच घरात, एकाच कपाटात किंवा एकाच हार्ड डिस्कवर असेल तर ती खरंच सुरक्षित आहे का? आज आपण हेच समजून घेऊया: डिजिटल आर्काइव्ह म्हणजे नेमकं काय, ते कसं बनतं, कसं टिकतं, आणि तुमच्या हातातल्या फोनचा त्यात काय उपयोग.

यलोनाइफच का?

यलोनाइफ हे ग्रेट स्लेव्ह लेक या प्रचंड तलावाच्या उत्तर काठावर आहे. हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल तलाव, खोली ६१४ मीटर. १९३० च्या दशकाच्या मध्यावर इथे सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि खडकांवर तंबू उभे राहिले. १९३८ मध्ये कॉन खाणीतून सोनं निघायला लागलं, १९४८ मध्ये जायंट खाणीतून. १९६७ मध्ये हे शहर नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी झालं. मग २००३ मध्ये कॉन बंद झाली आणि २००४ मध्ये जायंट.

म्हणजे तंबूपासून राजधानीपर्यंतचा अख्खा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावतो. तुम्ही म्हणाल, मग इतिहास जपायला सोपा असेल ना? उलट आहे! अशा शहरात लोक कामासाठी येतात, काही वर्षं राहतात आणि निघून जातात. खाणकामगार, वैमानिक, नर्स, सरकारी कर्मचारी, सगळ्यांचं तेच. जाताना फोटोंचा अल्बमही सोबत जातो. मग तो अल्बम हजारो किलोमीटर दूर कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतो, आणि पुढच्या पिढीला त्यातली माणसं ओळखू येत नाहीत.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. ‘शहर’ नवं असलं तरी ती जागा नवी नाही. यलोनाइव्ह्ज देने हे मूळनिवासी लोक इथे कितीतरी आधीपासून राहतात. तांब्याच्या सुऱ्या वापरणारे म्हणून बाहेरच्यांनी त्यांना हे नाव दिलं आणि तेच पुढे शहराला मिळालं. शेजारच्या त्लिचो भाषेत शहराचं नाव ‘सोम्बाके’ आहे, अर्थ ‘पैशाची जागा’. बाहेरून आलेल्या माणसांनी इथे काय शोधलं, ते त्या एका नावातच आलं!

गॅलरी आणि आर्काइव्ह यात फरक काय?

तुमच्या फोनच्या गॅलरीत पाच-दहा हजार फोटो असतील. ते आर्काइव्ह आहे का? नाही. तो ढीग आहे. ढिगाचं आर्काइव्ह होतं ते नोंदींमुळे.

समजा एक काळा-पांढरा फोटो आहे. बर्फ, एक लाकडी इमारत, दारात चार माणसं. एवढंच असेल तर तो सुंदर फोटो आहे, पण पुरावा नाही. त्यासोबत या गोष्टी लिहिल्या की त्याची किंमत बदलते:

- फोटो कुणी काढला आणि साधारण कधी
- जागा कोणती, आज तिथे काय आहे
- माणसं कोण, डावीकडून उजवीकडे
- हा फोटो कुणाकडून मिळाला
- ओळख कुणी पटवली: मागे लिहिलेलं होतं, की कुणी आठवणीने सांगितलं
- वापरायला परवानगी आहे का, असली तर कशासाठी

या माहितीला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीबद्दलची माहिती. तुमचा फोन फोटो काढताना तारीख, वेळ आणि सेटिंग सुरू असेल तर लोकेशनसुद्धा फाइलमध्ये आपोआप लिहून ठेवतो. १९४८ च्या कॅमेऱ्याला हे जमत नव्हतं. ते काम आता माणसाला हाताने करावं लागतं. स्थानिक इतिहासकाराचं खरं काम स्कॅनिंग नाही, हेच आहे.

आर्काइव्हवाले आणखी एक नियम पाळतात: कागद ज्या माणसाकडून किंवा संस्थेकडून आले, त्यांचा गठ्ठा एकत्र ठेवायचा आणि त्यांनी लावलेला क्रम मोडायचा नाही. आपल्याला वाटतं, सगळे विमानांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकू, सगळे घरांचे दुसऱ्यात. पण एका पाकिटात एकामागोमाग असलेले दहा फोटो बहुतेक वेळा एकाच दिवसाचे असतात. त्यातल्या एकावर तारीख असेल तर बाकी नऊंचाही अंदाज लागतो. क्रम मोडला की हा धागा तुटला.

यलोनाइफमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी सरकारी संस्था आहे, एनडब्ल्यूटी आर्काइव्हज. ती १९७९ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर या संग्रहालयाच्या इमारतीत आहे. छायाचित्रकार हेन्री बुसे यांचा १९६२ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या फोटोंचा मोठा संग्रह आज तिथे जपलेला आहे. फोटो काढणारा गेला, पण त्याने पाहिलेलं शहर राहिलं.

स्कॅनिंगचं गणित

आता जरा तांत्रिक भाग. स्कॅनरवर ‘डीपीआय’ असा पर्याय असतो. म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे.

६ बाय ४ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर ३६०० गुणिले २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ८६ लाख. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक फोटो साधारण २६ एमबीचा झाला. असे १० हजार फोटो म्हणजे २६० जीबी. म्हणजे एका छोट्या शहराच्या आठवणींचा मोठा भाग तुमच्या खिशात मावणाऱ्या डिस्कवर सहज बसतो!

निगेटिव्हचं गणित वेगळं. ३५ मिमीची निगेटिव्ह फक्त ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. तिला ६०० डीपीआय लावलं तर हाती काहीच लागणार नाही. तिथे ३००० च्या पुढे जावं लागतं. नियम सोपा आहे: मूळ वस्तू जितकी लहान, तितका डीपीआय जास्त.

मग फाइल कोणत्या प्रकारात ठेवायची? जेपीईजी फाइल लहान होते, कारण ती डोळ्यांना सहज न जाणवणारी माहिती फेकून देते. एडिट करून पुन्हा सेव्ह केलं की आणखी थोडी फेकते. म्हणून आर्काइव्हमध्ये मूळ प्रत टिफ प्रकारात ठेवतात, ज्यात काहीही फेकलं जात नाही, आणि लोकांना दाखवायला त्यावरून जेपीईजी बनवतात. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, खेळायचं ते कॉपीशी.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातला तारीख-लोकेशनचा मेटाडेटाही निघून जातो. आजोबांचा दुर्मिळ फोटो फॅमिली ग्रुपवर फिरला म्हणजे तो ‘जपला’ असं समजू नका. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

बर्फाखालची फिल्म आणि कपाटातली हार्ड डिस्क

यलोनाइफच्या पश्चिमेला, युकॉन टेरिटरीत डॉसन सिटी नावाचं गाव आहे. १८९६ मध्ये जवळच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत इथे हजारो लोक लोटले. पुढे सोन्याची गर्दी ओसरली, पण सिनेमा येत राहिला. चित्रपटांच्या रिळांचा हा शेवटचा थांबा. परत पाठवायचा खर्च कोण करणार? रिळं गावातच साठत गेली. १९२९ मध्ये जुना पोहण्याचा तलाव बुजवून बर्फावरच्या खेळांसाठी मैदान करताना त्यातली शेकडो रिळं सरळ भरावात टाकली.

१९७८ मध्ये बांधकामासाठी खोदताना ती सापडली. पाचशेहून जास्त रिळं! गोठलेल्या जमिनीने ४९ वर्षं त्यांना फ्रीजसारखं सांभाळलं होतं. जगात इतरत्र नष्ट झालेले मूकपट त्यात मिळाले. बिल मॉरिसन यांनी २०१६ मध्ये याच कथेवर ‘डॉसन सिटी: फ्रोझन टाइम’ हा माहितीपट केला.

आता विचार करा. आज कुणी एक पेनड्राइव्ह ४९ वर्षं जमिनीत पुरला तर? फिल्म प्रकाशासमोर धरली की चित्र दिसतं. पेनड्राइव्हला चालू स्थितीतली चिप हवी, जुळणारं पोर्ट हवं आणि ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर हवं. कागद आणि फिल्म दुर्लक्ष थोडं तरी सहन करतात. डिजिटल वस्तू दुर्लक्ष अजिबात सहन करत नाही. तिला सतत कुणीतरी सांभाळणारं लागतं.

फाइलसुद्धा खराब होते का?

हो. डिस्कवरचा एखादा बिट काळाच्या ओघात बदलू शकतो. याला ‘बिट रॉट’ म्हणतात. फाइलचं नाव तेच, साइज तोच, पण उघडली की अर्धा फोटो करडा. वाईट म्हणजे, तुम्ही ती खराब फाइल बॅकअपमध्येही कॉपी करून टाकता.

यावर उपाय म्हणजे चेकसम. प्रत्येक फाइलवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा ‘अंगठ्याचा ठसा’ काढायचा. एसएचए-२५६ या पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. आर्काइव्हवाले ठशांची यादी ठेवतात आणि ठराविक काळाने पुन्हा तपासतात. ठसा जुळला नाही तर दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणायची.

त्यासाठी दुसरी प्रत हवी ना! म्हणून ३-२-१ नियम: ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या गावात. शेवटचा ‘१’ सगळ्यात महत्त्वाचा. घरातली हार्ड डिस्क आणि त्याच घरातला लॅपटॉप हे आगीच्या दृष्टीने एकच ठिकाण. आणि २० हजार लोकांना शहर सोडावं लागतं तेव्हा त्याच शहरातल्या मित्राचं घरही उपयोगाचं नाही.

क्लाउड आहे की! असं म्हणाल. क्लाउड ही एक प्रत आहे, पूर्ण उत्तर नाही. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेल्या असंख्य वेबसाइट्स एकदम गेल्या. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बराच भाग वाचवला, पण सगळा नाही. फ्लिकरने २०१८ मध्ये मोफत खात्यांना १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. कंपनीचा नियम बदलला की तुमच्या संग्रहाचं भवितव्य बदलतं. वेबसाइट असेल तर तिची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा, फुकट आहे.

फोटोतल्या माणसाचं नाव कुठे गेलं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर कॅनडाच्या जुन्या फोटोंमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गोऱ्या अधिकाऱ्याचं, वैमानिकाचं नाव लिहिलेलं असतं आणि शेजारी उभ्या मूळनिवासी माणसासाठी नुसतं ‘एस्किमो स्त्री’ किंवा ‘इंडियन मुलगा’. ‘एस्किमो’ हा शब्द तर आज अपमानास्पद मानला जातो.

हे दुरुस्त करायला २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू झालं. कॅनडाच्या राष्ट्रीय आर्काइव्हमधले फोटो स्कॅन केले आणि नुनावुतमधल्या इनुइट तरुण विद्यार्थ्यांनी ते लॅपटॉपवर घेऊन गावातल्या वडीलधाऱ्यांना दाखवले. आजी-आजोबांनी स्क्रीनवर पाहून ओळखलं: ही माझी बहीण, हा अमुक. ज्यांना फाइलमध्ये नाव नव्हतं त्यांना नाव मिळालं. तंत्रज्ञान साधंच होतं. पण घाई होती, कारण ओळखणारी माणसं म्हातारी होत होती.

पण म्हणून सगळंच स्कॅन करून सगळ्यांसमोर टाकायचं का? तर नाही. कॅनडातले फर्स्ट नेशन्स समुदाय यासाठी ‘ओकॅप’ ही तत्त्वं मांडतात: आमच्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापराचा हक्क आणि ताबा आमच्याकडे हवा. एखाद्या विधीचा किंवा दुःखाच्या प्रसंगाचा फोटो असेल तर आधी त्या समाजाला विचारायचं. ‘फोटो माझ्याकडे आहे’ आणि ‘फोटो माझा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

अक्षरांचाही एक प्रश्न आहे. जुनं छापील पान स्कॅन केलं की ओसीआर सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर बनवतं. पण त्लिचोसारख्या भाषांच्या रोमन अक्षरांना नाकातल्या उच्चारासाठी खाली हूक आणि सुरांसाठी वर खुणा असतात. इंग्रजीवर शिकलेलं ओसीआर त्या खुणा गाळून टाकतं. मग सर्चमध्ये खरं नाव टाकलं तर काहीच सापडत नाही! आपल्याला हे दुखणं माहीत आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी फाइल आज उघडली की कशी अगम्य चिन्हं दिसतात, आठवतंय ना?

हा नुसता छंद नाही

जायंट खाणीतलं सोनं आर्सेनिक असलेल्या खनिजात अडकलेलं होतं. ते मोकळं करायला खनिज भाजायचे, आणि त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे विष बाहेर पडायचं. सुरुवातीच्या वर्षांत ते धुरातून सरळ आसमंतात जायचं, बर्फावर बसायचं. बर्फ वितळवून पाणी पिणाऱ्या देने कुटुंबांना त्याचा फटका बसला. १९५१ मध्ये एका लहान मुलाचा यात जीव गेला. पुढे ही धूळ गोळा करून खाणीतच जमिनीखालच्या खोल्यांमध्ये साठवली. खनिज भाजणं १९९९ पर्यंत चाललं. आज तिथे २ लाख ३७ हजार टन धूळ आहे. ती पाण्यात विरघळते, म्हणून भोवतालची जमीन कायम गोठवून ठेवण्याचं काम सुरू आहे.

‘कायम’ हा शब्द नीट वाचा. आणखी शंभर, पाचशे वर्षांनी तिथे राहणाऱ्या माणसाला कळायला हवं की खाली काय आहे आणि इथे का खोदायचं नाही. कोणती खोली कुठे, जुना बोगदा कुठून कुठे जातो, कोणती इमारत कधी पाडली, हे सगळं नकाशे, फोटो आणि लोकांच्या आठवणींवरूनच कळणार. कंपन्या बदलतात, कार्यालयं हलतात, खोकी गहाळ होतात. अशा वेळी कुणीतरी हौसेने जपलेला एक नकाशाही मोलाचा ठरू शकतो. आणि धुराड्याच्या अभिमानाने काढलेल्या फोटोशेजारी त्या मुलाची नोंदही असायला हवी. नाहीतर आर्काइव्ह म्हणजे नुसती जाहिरात.

एआयने फोटो ‘सुधारावा’ का?

एका क्लिकमध्ये जुना फोटो रंगीत आणि चकचकीत करणारी ॲप्स तुम्ही वापरली असतील. मजा म्हणून ठीक आहे. पण एआय धूसर चेहरा ‘शोधत’ नाही, तो शक्य वाटेल असा नवा चेहरा रचतो. कोटाचा रंगही अंदाजाने भरतो. दहा वर्षांनी तीच प्रत खरी म्हणून फिरायला लागली तर? म्हणून असा फोटो मूळच्या जागी कधीच ठेवू नका. वेगळी फाइल करा आणि नावातच ‘एआय-रंगीत’ असं लिहा.

तुम्ही आज काय करू शकता?

यासाठी इतिहासकार असायची गरज नाही. एक रविवार पुरेसा आहे:

१. घरातल्या जुन्या अल्बममधले फक्त २० फोटो निवडा. सगळे करायला गेलात तर एकही होणार नाही.
२. स्कॅनर नसेल तर फोन चालेल. खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. फोटोची मागची बाजूही टिपा, खरी माहिती अनेकदा तिथेच असते!
३. फाइलला नाव द्या: वर्ष, जागा, क्रमांक. वर्ष नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. खोटी खात्री नको.
४. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा, फोटो दाखवा आणि व्हॉइस रेकॉर्डर सुरू ठेवा. अर्थात, आधी विचारून.
५. तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे पाठवा.
६. वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून बघा.

यातली चौथी पायरी सोडून बाकी सगळं पुढच्या वर्षीही करता येईल. चौथीचं सांगता येत नाही.

यलोनाइफच्या लोकांना निघायला जेमतेम दोन दिवस मिळाले होते. तुमच्याकडे आज वेळ आहे. अल्बम कुठल्या कपाटात आहे, एवढं तरी आजच विचारून ठेवा. माहिती आवडली तर फॅमिली ग्रुपवर नक्की शेअर करा, आणि अल्बमचे फोटो पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’चं लक्षात ठेवा!